छावणीतल्या खोलीपासून राजगृहापर्यंत

भिंगारमधील आमच्या परिचयाचे एक कुटुंब मध्यंतरी सावेडीला घर पाहायला गेले. नवरा-बायको दोघेही नोकरदार, दोन मुले शाळेत. गुलमोहर रोडच्या बाजूला, आतल्या गल्लीत, झाडांच्या सावलीतली इमारत. बँकेने कर्ज मंजूर केले होते, भाव ठरला होता, मालकाने इसार घ्यायचेही कबूल केले होते. घर दाखवताना मालकीणबाईंनी देव्हाऱ्याचा कोनाडा दाखवला. त्यावर आमच्या ताई सहज बोलून गेल्या की तिथे आम्ही बुद्धमूर्ती ठेवू. मग आडनाव विचारले गेले, मूळ गाव विचारले गेले. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मालकाचा विचार बदलला होता, घर विकायचे नव्हते. महिन्याभरात तेच घर दुसऱ्याला विकले गेले.

वाचकहो, यात नवीन काही नाही. भिंगारमध्ये, नगरमध्ये, पुण्या-मुंबईत आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आलेला आहे. नवीन घडले ते पुढे. ही गोष्ट वस्तीत समजली तेव्हा धीर देण्याऐवजी काहींनी त्या कुटुंबालाच टोमणे मारले. चार पैसे आले की वस्ती नकोशी होते, असे एक म्हणाला. जिथे आपण नको आहोत तिथे जायचेच कशाला, असे दुसरा म्हणाला. ताई आमच्याकडे आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. बाबासाहेब कुठे राहत होते?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत, स्वतःच्या घरात राहत होते. परंतु एवढे सांगून भागत नाही. त्या घरापर्यंत ते कोणत्या वाटेने आले आणि घर मिळाल्यावर त्यांनी त्या घराचे काय केले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज आम्ही त्यांच्या घरांच्या वाटेने सांगणार आहोत.

छावणीचे घर

१४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म महू येथे झाला. महू म्हणजे लष्करी छावणी. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत होते. आई भीमाबाई. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य.

भिंगारच्या माणसाला छावणी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एकीकडे मोठमोठ्या झाडांत लपलेले साहेबांचे बंगले, दुसरीकडे शिपायांच्या बराकी, मधे सदर बाजार. झाडे कुणाच्या वाट्याला आणि धूळ कुणाच्या वाट्याला, हे हुद्द्यावर ठरायचे. परंतु छावणीत एक गोष्ट होती जी गावात नव्हती. तिथे महाराचा मुलगा वेशीबाहेर राहत नव्हता, फौजेच्या रांगेत राहत होता. शिपायांच्या मुलांना तिथे शाळा होती. आपल्या समाजातील पहिल्या शिकलेल्या पिढ्या छावण्यांतून निघाल्या, त्याचे कारण हेच आहे.

मात्र छावणीचे घर नोकरीपुरते असते. रामजी निवृत्त झाले आणि ते घर सुटले. त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरतीही बंद केली. ज्या समाजाने सरकारसाठी रक्त सांडले त्या समाजाला सरकारने एका हुकमाने दाराबाहेर काढले. दुसऱ्याच्या मर्जीने मिळालेले छप्पर दुसऱ्याच्या मर्जीने जाते, हा धडा सकपाळ कुटुंबाने तेव्हा घेतला.

पुढे कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत नाव होते, पण बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतील तेव्हाच प्यायचे. घर नावाची गोष्ट किती मोलाची असते, हे त्या मुलाला शाळेने शिकवले. दिवसभरात माणूस म्हणून पाणी पिता येईल अशी जागा घरच होती.

एक खोली

मुंबईत आल्यावर रामजी सुभेदार परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. स्वयंपाक त्याच खोलीत, झोपणे त्याच खोलीत, पाहुणे त्याच खोलीत. जाते, लाकडे, भांडी आणि माणसे यांच्यामधून जी जागा उरेल ती भीमरावाच्या अभ्यासाची. वडील स्वतः जागे राहून मुलाला पहाटे दोन वाजता उठवीत, म्हणजे घर झोपलेले असताना त्याला शांतपणे वाचता यावे. पुस्तकासाठी पैसे नसले तर सुभेदार लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आले की सोडवून परत देत. त्या खोलीतून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले.

त्यानंतर कुटुंब परळच्याच इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या. एका खोलीत संसार, दुसरीत ग्रंथ. ही व्यवस्था लक्षात ठेवा, ती पुढे राजगृहातही दिसेल. या चाळीत बाबासाहेब वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. मधल्या काळात ते अमेरिकेला गेले, इंग्लंडला गेले, एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर झाले, पण परत आले की याच दोन खोल्यांत येत. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७), मनुस्मृतीचे दहन (२५ डिसेंबर १९२७), नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (२ मार्च १९३०) या सर्व लढ्यांच्या काळात सेनापतीचे घर म्हणजे कामगारवस्तीतल्या चाळीच्या दोन खोल्या होत्या.

त्याच खोल्यांत माता रमाईने संसार ओढला. साहेब परदेशात असताना तुटपुंज्या पैशांत घर चालवले. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न, अशी चार लेकरे या जोडप्याने गमावली. एकटा यशवंत राहिला. कोंदट खोली आणि अपुरे अन्न यांनी गरिबाच्या घरातली किती मुले नेली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. म्हणूनच हवेशीर घर ही चैन आहे असे जे म्हणतात, त्यांनी रमाईची ही चार लेकरे आठवावीत.

बडोद्यातील अकरा दिवस

१९१७ सालची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना तिथे भेटला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. लंडनमध्येही राहायला जागा मिळाली. सातासमुद्रापार कुणी जात विचारली नाही. मग करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करण्यासाठी ते परतले, आणि आपल्याच देशात त्यांना खोली मिळेना.

हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर दुसरा माणूस नव्हता, नीट दिवाबत्ती नव्हती, सोबतीला अडगळ होती. परदेशात शिकून आलेला विद्वान खोट्या नावाने अंधारात राहत होता. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असताना काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. धर्मशाळा बाटवली हा आरोप. संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम. दिवसभर त्यांनी मित्रांकडे विचारणा केली. एक मित्र हिंदू होता, त्याला घरचे नोकर सोडून जातील ही भीती. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला, त्याला बायकोला विचारावे लागणार होते. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ भीमरावांनी बडोद्याच्या कमाठी बागेत, झाडाखाली बसून काढला.

हिरवीगार बाग, मोठमोठी झाडे आणि त्याखाली रडणारा एक बेघर डॉक्टर. त्या दिवशी जेव्हा हा माणूस घर मागत होता तेव्हा तो काय मागत होता? बंगला मागत नव्हता. स्वतःचे नाव लपवावे न लागता रात्र काढता येईल एवढी जागा मागत होता. आमच्या ताईंनी बुद्धमूर्तीचे नाव काढले नसते तर घर मिळाले असते, असे काही शहाणे सांगतात. म्हणजे बडोद्याच्या धर्मशाळेतच राहा असे ते सांगत आहेत. बाबासाहेब पुन्हा कधी खोट्या नावाने राहिले नाहीत.

एकाच ट्रस्टची दोन घरे

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गलिच्छ वस्त्या हटवून शहर हवेशीर करण्यासाठी सरकारने १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने दोन प्रकारची कामे केली. गरीब कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात मध्यमवर्गासाठी रुंद रस्ते, बागा आणि झाडांच्या रांगा आखून भूखंड पाडले. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी याच आखणीतून उभ्या राहिल्या. परळच्या चाळीची खोली आणि दादरच्या कॉलनीचा भूखंड, दोन्ही एकाच ट्रस्टने निर्माण केलेले. अंतर फार तर दोन-तीन किलोमीटर. पण हे अंतर ओलांडायला बाबासाहेबांसारख्या माणसाला दोन दशके लागली.

मुंबईतील घरबांधणी तेव्हाही जातीच्या चाकोरीतून चालत होती. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. देशातील अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. सहकार हा चांगला शब्द, पण सहकार कुणाशी करायचा हे जात पाहून ठरले. पुढे एकेका जातीच्या, एकेका पंथाच्या सोसायट्या निघत गेल्या. गावात वेस होती, शहरात सोसायटीचे गेट आले.

अशा काळात बॅरिस्टर आंबेडकरांनी हिंदू कॉलनीत जागा घेतली. पैसा कुठून आला? वकिली, प्राध्यापकी आणि वर कर्ज. कुणा धनिकाने दिलेले दान नव्हे. त्यांनी तिथे एक नव्हे, दोन इमारती बांधल्या. एक राजगृह आणि दुसरी चारमिनार. चारमिनार पुढे विकली. राजगृह मात्र राहिले.

राजगृह

१९३१ ते १९३३ या काळात राजगृह उभे राहिले. ही वर्षे कोणती होती ते पाहा. गोलमेज परिषदा चालू होत्या, स्वतंत्र मतदारसंघाचा लढा चालू होता, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. एकीकडे कोट्यवधी अस्पृश्यांच्या राजकीय हक्काचे भांडण आणि दुसरीकडे विटा, चुना, खिडक्या यांचा हिशेब. दोन्ही कामे एकच माणूस करीत होता आणि त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती.

घराला नाव दिले राजगृह. मगधाची ती राजधानी. राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांच्या संघाला वेळुवन दान दिले ते तिथेच, आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली तीही तिथेच. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून तेवीस वर्षे होती, येवल्याची घोषणा व्हायची होती, पण हिंदू कॉलनीतील घराच्या दारावर बौद्ध नाव लागले. आमच्या ताईंनी कोनाड्यात बुद्धमूर्ती ठेवण्याची गोष्ट काढली, ती याच परंपरेतली आहे.

या घराची रचना परळच्या दोन खोल्यांचीच मोठी आवृत्ती होती. खाली कुटुंब, वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कचेरी. १९१७ साली परदेशातून येताना त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज बुडाले होते. तेव्हापासून जमवलेल्या हजारो ग्रंथांसाठी त्यांनी हे घर बांधले. लोक दिवाणखाना सजवण्यासाठी घर बांधतात, बाबासाहेबांनी कपाटे ठेवण्यासाठी बांधले. आणि ते ग्रंथही स्वतःपुरते ठेवले नाहीत. त्यांनी स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, तेव्हा त्यातील मोठा ठेवा विद्यार्थ्यांकडे गेला.

रमाईला हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. ज्या माउलीने चाळीत सर्वस्व वेचले तिच्या वाट्याला मोकळी हवा आली ती अखेरच्या आजारपणात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. हिंदू कॉलनीत राहून हिंदू धर्म नाकारला. शेजार बदलला म्हणून विचार बदलला नाही. राजगृहाचे दार महारवाड्यातून आलेल्या माणसाला बंद झाले नाही. कार्यकर्ते येत, गाऱ्हाणी घेऊन खेड्यातली माणसे येत. झाडांच्या गल्लीत जोडे झिजलेली माणसे येऊ लागली, हाच त्या घराचा पराक्रम होता.

कुणी विचारील की बाबासाहेबांनी तर स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, मग हे कसे? खरे आहे. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांचा ठराव झाला आणि १९४७ च्या त्यांच्या निवेदनातही ती मागणी आहे. परंतु ती मागणी खेड्यासाठी होती. तिथे दलित भूमिहीन होता, सवर्णांच्या शेतावर आणि दयेवर जगत होता. स्वतंत्र गाव म्हणजे स्वतःची जमीन आणि स्वतःची मान. शहरात स्वकमाईचे घर म्हणजेही तेच. दोन्हीचा अर्थ एक, कुणाच्या उपकाराखाली राहायचे नाही. वस्तीत राहा किंवा कॉलनीत राहा, ते तुमच्या निर्णयाने राहा.

दिल्लीतील बंगले आणि अखेरचा प्रवास

मजूरमंत्री आणि पुढे कायदामंत्री म्हणून बाबासाहेब दिल्लीत सरकारी बंगल्यांत राहिले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि सरकारी घर सोडले. छावणीतल्या मुलाला हुद्द्याबरोबर येणाऱ्या घराची किंमत ठाऊक होती. तत्त्वासाठी ते सोडताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पुढे ते २६, अलीपूर रोड येथे दुसऱ्याच्या मालकीच्या बंगल्यात राहिले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ तिथेच पूर्ण झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले ते राजगृहात. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली ती राजगृहातून. लाखो माणसे हिंदू कॉलनीच्या त्या गल्लीत आणि दादरच्या रस्त्यांवर उभी होती. ज्या गल्लीत पूर्वी आपला माणूस भांडी घासायला किंवा झाडलोट करायला शिरत असे, तिथे तो आपल्या बापाच्या घरी म्हणून आला.

मनुवाद्यांना हे घर आजही खुपते. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्या फोडल्या गेल्या, कॅमेऱ्याची आणि काचांची नासधूस झाली. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे संग्रहालय होऊ लागल्यावर त्या सुखवस्तू भागातील काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली, स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली आणि चौकशीनंतर मार्च २०२० मध्ये ती मिळाली. मृत्यूनंतरही बाबासाहेबांना चांगल्या वस्तीत घरासाठी दाद मागावी लागली.

कायदा आणि आपण

घर नाकारणे हा केवळ मालकाच्या मर्जीचा मामला नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, कलम ४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे यात अस्पृश्यतेपोटी आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ तर सांगते की अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध करणे आरोपीचे काम. किती जणांना हे कलम ठाऊक आहे?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. सोसायटीच्या गेटला या निकालाने कुलूप मिळाले. म्हणून लढाई एका कलमाने संपणारी नाही. आपल्या संघटनांनी नामांतराचे लढे लढले, आरक्षणाचे लढले, आता घराचा प्रश्नही हाती घेतला पाहिजे. घर पाहायला जाताना एकट्याने जाऊ नये. बोलणी लेखी किंवा मेसेजवर ठेवावी, इसाराची पावती घ्यावी, नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. आणि नंतर तेच घर दुसऱ्याला विकले गेल्याचा पुरावा जपून ठेवावा.

जे कुटुंब वस्ती सोडून जाते त्यालाही आमचे सांगणे आहे. जा, अवश्य जा. पण राजगृहासारखे जा. दारावर स्वतःचे नाव लावा, कोनाड्यात बुद्ध ठेवा, एक खोली पुस्तकांना द्या. वस्तीतल्या पोराला परीक्षेच्या दिवसांत तिथे बसून अभ्यास करता आला पाहिजे. पहाटे दोनला उठवणारा रामजी सुभेदार ज्याच्या घरी नाही, त्याचे रामजी तुम्ही व्हा. आणि जे वस्तीत राहतात त्यांना सांगणे आहे की जाणाऱ्याला टोमणे मारू नका. नकार द्यायला मालक आहेतच, त्यांच्या मदतीला आपण कशाला जायचे?

ताईंना आम्ही हे सर्व सांगितले. त्या पुन्हा घर पाहणार आहेत, त्याच रस्त्याला, त्याच झाडांखाली. येत्या रविवारी आम्ही भिंगारमधील दहा-बारा जण त्यांच्याबरोबर जाणार आहोत. आडनाव विचारण्यापूर्वीच आम्ही ते सांगू.